मृतदेहावरून मृत्यूची वेळ कशी काढतात, आणि ती किती खरी मानायची

प्रश्न असा आहे: ‘शेतावर एकटे राहणारे काका सकाळी मृतावस्थेत सापडले. दुपारी पीएम (शवविच्छेदन) झालं. रिपोर्टमध्ये मृत्यू १२ ते २४ तासांपूर्वी झाल्याचं लिहिलंय, पोलीस रात्री अकराच्या सुमारास म्हणतात, आणि मालिकांमधले डॉक्टर तर नुसतं बघून वेळ सांगतात. शरीरावरून नेमकं कळतं तरी काय?’

न्यायवैद्यकशास्त्र शिकवणं आणि शवविच्छेदन करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

आधी सरळ उत्तर. मृतदेह घड्याळातली वेळ सांगत नाही. तो दोन टोकं सांगतो: मृत्यू याच्या आधीचा नसावा आणि याच्या नंतरचा नसावा. मधला काळ किती मोठा, ते देह किती लवकर तपासायला मिळाला यावर ठरतं. पहिल्या काही तासांत मिळाला तर अंदाज तासांत देता येतो. दोन दिवस गेले की दिवसांत, आणि पुढे आठवडे-महिन्यांत. पोलिसांनी ‘रात्री अकरा’ काढले असतील तर ते शरीरावरून काढलेले नाहीत. शेवटचा फोन, कुणी शेवटचं पाहिलं, जेवण कधी झालं अशा गोष्टींवरून काढलेले आहेत. त्यात वावगं काही नाही. वेळ काढायची रीत तीच आहे. फक्त कुठला आकडा कुठून आला हे माहीत हवं.

रिपोर्टमधले तास वाचताना बहुतेक जण एक गडबड करतात. ते तास देह सापडल्यापासून किंवा रिपोर्टवरच्या तारखेपासून मोजायचे नसतात. पीएम ज्या वेळी सुरू झालं तिथून मागे जायचं. समजा पीएम दुपारी साडेतीनला सुरू झालं, तर ‘१२ ते २४ तास’ म्हणजे आदल्या दिवशी दुपारी साडेतीन ते त्या दिवशी पहाटे साडेतीन. आता काकांना रात्री साडेनऊला शेजारच्या वस्तीवरच्या कुणी बोलताना पाहिलं असेल, तर साडेनऊच्या आधीचा भाग आपोआप गळतो. उरतात रात्री साडेनऊ ते पहाटे साडेतीन, म्हणजे सहा तास. ‘अकरा’ त्यात बसतात. दोन वाजलेलेही बसतात. शरीराने अकराला दुजोरा दिला, एवढंच म्हणता येईल. अकरा सिद्ध केले असं नाही.

आता एकेक खूण.

सगळ्यांना माहीत असलेली खूण म्हणजे अंग ताठ होणं. शवागारात आम्ही ‘रिगर’ म्हणतो. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यातली ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं एकमेकांना धरतात, आणि ती पकड सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं. मृत्यूनंतर नवं एटीपी बनत नाही, असलेला साठा संपतो, आणि पकड तशीच राहते. म्हणून सांधा ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत अडकतो. पुढे कुजण्याच्या क्रियेत ती प्रथिनंच तुटू लागली की अंग पुन्हा सैल होतं. हे सगळीकडे एकाच वेळी सुरू असतं, पण लहान स्नायूंत आधी जाणवतं. त्यामुळे पापण्या, जबडा, मान, मग हात, पोट, पाय, आणि शेवटी हातापायांची बोटं असा क्रम दिसतो. नीस्टेन या वैद्याने हा क्रम १८११ मध्ये नोंदवला आणि आजही आम्ही त्याच क्रमाने तपासतो. रिगर उतरतंही ढोबळमानाने याच क्रमाने.

आपल्या हवेत साधारण एक-दोन तासांत सुरुवात, बारा तासांच्या आसपास सर्वांगात, पुढचे बारा तास टिकून, त्यापुढच्या बारा तासांत उतार, असं विद्यार्थ्यांना शिकवतात. परीक्षेला ठीक आहे. प्रत्यक्षात उन्हाळ्यात सगळा खेळ १८ ते ३६ तासांत आटोपतो आणि हिवाळ्यात २४ ते ४८ तास चालतो. मृत्यूआधी माणूस जिवाच्या आकांताने पळाला असेल, झटापट झाली असेल, धनुर्वातात किंवा स्ट्रिक्नीनच्या विषबाधेत झटके आले असतील, खूप ताप असेल, तर रिगर लवकर येतं आणि लवकर जातं. अगदी अशक्त, हडकुळ्या माणसात ते इतकं हलकं असतं की नवशिक्या डॉक्टरला नाहीच असं वाटावं. जळालेल्या देहाचे हात बॉक्सिंगच्या पवित्र्यात वळलेले असतात, ते उष्णतेने स्नायू आखडल्यामुळे. त्यावरून वेळेचा अंदाज काढू नये.

यात एक अडचण आपल्या घरांतून येते, आणि ती पुस्तकात फारशी सापडत नाही. माणूस गेल्याचं कळताच कुणीतरी तोंड उघडून तुळशीपत्र ठेवतं, पाणी घालतं, हात सरळ करून छातीवर जुळवतं, हनुवटीला फडकं बांधतं. माणुसकीला धरूनच आहे ते. पण पूर्ण आलेलं रिगर एकदा जोर लावून मोडलं की त्या सांध्यात परत येत नाही. मग पीएमच्या टेबलावर जबडा सैल आणि गुडघे ताठ असं चित्र दिसतं, आणि न विचारता लिहून टाकणारा डॉक्टर ‘रिगर उतरू लागलं आहे’ म्हणून मृत्यू दहा-बारा तास मागे ढकलतो. म्हणून देह कुणी हलवला, कुणी सरळ केला, रुग्णवाहिकेत कसा चढवला, हे हवालदाराला आणि नातेवाइकांना विचारावंच लागतं. जबडा आणि खांदे सैल, पण पायाची बोटं, घोटे ताठ आणि पोटावर हिरवटपणा नाही, असं दिसलं की मला आधी हाताळणीचा संशय येतो.

दुसरी खूण मला स्वतःला रिगरपेक्षा जास्त बोलकी वाटते: लिव्हिडिटी, म्हणजे रक्त खाली साचून त्वचेवर येणारा जांभळट रंग. हृदय थांबलं की रक्त गुरुत्वाकर्षणाने शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं. एक ते तीन तासांत ठिपके-चट्टे दिसू लागतात, तीन ते सहा तासांत ते एकमेकांत मिसळतात, आणि सहा ते बारा तासांत रंग ‘पक्का’ होतो. पक्का झाला की नाही ते बघायची पद्धत साधी आहे. त्या भागावर अंगठा चांगला दाबून धरायचा आणि उचलायचा. खाली पांढुरका ठसा उमटला आणि पुन्हा भरून आला, तर रक्त अजून हलतंय. ठसा उमटलाच नाही, तर रंग बसला. सावळ्या त्वचेवर हे दिवसाच्या उजेडातही नीट दिसत नाही, ट्यूबलाइटखाली तर डोळ्यांना ताण पडतो. अशा वेळी ओठांची आतली बाजू, नखांखालचा भाग बघावा लागतो.

जिथे शरीर जमिनीवर टेकलेलं असतं तिथे केशवाहिन्या दबलेल्या असतात, रक्त तिथे शिरत नाही, आणि तो भाग पांढरट राहतो. पाठीवर झोपलेल्या माणसाच्या खांद्याची हाडं आणि कुल्ले पांढरे, बाकी पाठ जांभळी. आता एक देह डोळ्यांसमोर आणा. उसाच्या फडात पालथा सापडलेला. पंचनाम्यात ‘पोटावर पडलेल्या स्थितीत’ असं लिहिलेलं. टेबलावर उलटा केला तर लिव्हिडिटी छातीवर नाही, पाठीवर. आणि त्या जांभळ्या पाठीवर पांढऱ्या तिरप्या रेघांची चौकड्या-चौकड्यांची नक्षी. सुतळीच्या बाजेची वीण. एका बोटाच्या रुंदीवर दुसरी रेघ, मध्ये गाठीची जागासुद्धा दिसते. हा माणूस मेला तो बाजेवर, किंवा मेल्यावर लगेच बाजेवर होता, आणि रंग पक्का होईपर्यंत, म्हणजे बरेच तास, तिथेच उताणा होता. फडात त्याला नंतर आणून टाकलं. इथे लिव्हिडिटीने वेळ किती सांगितली? फारशी नाही. पण देह कधी हलवला गेला याची खालची मर्यादा सांगितली, आणि तपासाला बहुधा त्याचाच उपयोग जास्त होतो. दोन्ही बाजूंना रंग असेल, पुढे गडद आणि मागे फिका, तर रंग पक्का होण्याच्या मधल्या काळात देह उलटवला गेला असं म्हणता येतं. फाशीच्या देहात हात-पाय आणि कमरेखालचा भाग रंगतो. तसं नसेल तर ‘लटकवलेला आहे का’ हा प्रश्न पहिला.

लिव्हिडिटीचा रंग वेळ सांगत नाही, कारण सांगतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून अंघोळीला गेलेल्या माणसाच्या पाठीवर चेरीसारखा लाल रंग दिसला की कार्बन मोनॉक्साइड. पण फ्रीजमधून काढलेला देहही गुलाबी दिसतो, हेही ध्यानात ठेवायचं.

आता तापमान. पाश्चात्त्य देशांत पहिल्या दिवसाचा अंदाज मुख्यतः यावरच उभा असतो. तत्त्व सोपं आहे: जिवंत शरीर साधारण ३७ अंश, मृत्यूनंतर ते आजूबाजूच्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत थंड होत जातं. पण सरळ रेषेत नाही. सुरुवातीला अर्धा-एक तास, कधी जास्त, आतलं तापमान जवळजवळ उतरतच नाही. मग वेगाने उतरतं. शेवटी हवेच्या जवळ आल्यावर पुन्हा मंदावतं. म्हणून ‘दर तासाला इतके अंश’ असा त्रैराशिकाचा हिशेब चुकतो. जर्मनीतल्या क्लाउस हेन्सगे यांनी गुदद्वारातलं तापमान, हवेचं तापमान आणि शरीराचं वजन या तीन गोष्टींवरून वेळ वाचायचा तक्ता बनवला, नोमोग्राम म्हणतात त्याला. कपडे जाड असतील, देह पाण्यात असेल, वारा असेल तर वजनाला वेगवेगळे गुणक लावायचे. जगात सर्वांत जास्त तपासून पाहिलेली पद्धत हीच. आणि तिची उत्तम परिस्थितीतली अचूकता किती? अधिक-उणे २.८ तास. म्हणजे सगळं मनासारखं जुळून आलं तरी साडेपाच तासांहून थोडा मोठा पट्टा. मालिकांमधल्या डॉक्टरांनी हा आकडा एकदा वाचावा.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पत्र्याच्या खोलीत ४२-४३ अंश असताना शरीर थंड कशाला होईल? उलट तापतं. कोकणात वर्षातले कितीतरी दिवस हवेचं आणि शरीराचं तापमान यांत दहा अंशांचाही फरक नसतो, त्यामुळे मोजमापातल्या अर्ध्या अंशाच्या चुकीने उत्तर भलतीकडे जातं. महाबळेश्वरच्या डिसेंबरात ही पद्धत चालेल. उष्माघात, धनुर्वात, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांत मृत्यूच्या वेळी मुळातच तापमान चढलेलं असतं, तेव्हा ३७ धरून केलेला हिशेब मृत्यू प्रत्यक्षात झाला त्यापेक्षा अलीकडचा दाखवतो.

पण आपल्याकडे तापमान मोजलं न जाण्याचं खरं कारण हवामान नाही, सवय आहे. देह सापडला त्या जागी डॉक्टर जातच नाहीत. देह शवागारात येईपर्यंत सहा-आठ तास गेलेले असतात, मध्ये एखादा टेम्पोचा प्रवास झालेला असतो. गुदद्वारात दहा सेंटिमीटर आत जाईल असा लांब थर्मामीटर अनेक ठिकाणी नसतोच, तापाचा थर्मामीटर कामाचा नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर आधी स्वॅब घ्यायचे, नंतर थर्मामीटर. तेवढं बघायला अनुभवी माणूस हवा. म्हणून आपल्या रिपोर्टमध्ये ‘शरीर थंड’ एवढेच दोन शब्द असतात. हाताच्या उलट्या बाजूने केलेली ही तपासणी वेळ ठरवायला जवळपास निरुपयोगी आहे, आणि हे मी वर्गातही असंच सांगतो.

जठरातल्या अन्नावर मात्र सगळ्यांचा फार विश्वास. हलकं जेवण एक-दोन तासांत, भरपेट जेवण चार-सहा तासांत जठरातून पुढे सरकतं, असा ठोकताळा. कोर्टात वकिलांना हा आवडतो, कारण जेवणाची वेळ साक्षीदार सांगू शकतात. भाताची शितं ओळखू येतात, टोमॅटोची साल, वांग्याच्या आणि मिरचीच्या बिया तर खूप वेळ टिकतात. त्यामुळे शेवटचं जेवण कोणतं हे बहुधा कळतं. पण त्या जेवणानंतर किती वेळाने मृत्यू झाला, हे त्यावरून सांगणं धोक्याचं आहे. भीती, दुखापत, डोक्याला मार, दारू, आजार यांनी पचन तासन्‌तास थांबतं.

धोका किती मोठा, त्याचं उदाहरण कॅनडातलं आहे. ओंटारिओतल्या क्लिंटन इथे जून १९५९ मध्ये लिन हार्पर ही बारा वर्षांची मुलगी ९ तारखेच्या संध्याकाळी बेपत्ता झाली, दोन दिवसांनी जंगलात तिचा मृतदेह सापडला. पीएम करणाऱ्या डॉ. पेनिस्टन यांनी मुख्यतः जठरातल्या अन्नावरून मृत्यू त्या संध्याकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान झाल्याचं सांगितलं. त्या पाऊण तासात तिच्यासोबत होता चौदा वर्षांचा स्टीव्हन ट्रस्कॉट. तिला सायकलवरून हायवेपर्यंत सोडलं आणि परत आलो, असं तो सांगत राहिला. त्याला फाशी सुनावली गेली, नंतर ती जन्मठेपेत बदलली, आणि १९६९ मध्ये तो पॅरोलवर सुटला. पुढे त्याच पॅथॉलॉजिस्टच्या टिपणांतून वेगळे अंदाजही समोर आले, अळ्यांच्या वाढीचा पुरावा नव्याने तपासला गेला, आणि २८ ऑगस्ट २००७ रोजी ओंटारिओच्या अपील न्यायालयाने निकाल न्यायाशी विसंगत ठरवून त्याला निर्दोष मुक्त केलं. पाऊण तास! दोन दिवस उघड्यावर पडलेल्या देहावरून. आज कुणी असा आकडा दिला तर पदव्युत्तर परीक्षेत मी त्याला नापास करीन.

डोळ्यांतून काही गोष्टी कळतात. उघड्या राहिलेल्या डोळ्यांत काही तासांत बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पिवळट, मग तपकिरी-काळे त्रिकोणी डाग पडतात, तो फक्त सुकल्याचा परिणाम. जास्त उपयोगाचं आहे डोळ्याच्या आतल्या द्रवातलं पोटॅशियम. पेशी मरतात तसं पोटॅशियम त्यांतून झिरपून या द्रवात येतं, आणि डोळा बंदिस्त असल्यामुळे कुजण्याचा त्रास तिथे उशिरा पोहोचतो. सुईने थोडा द्रव काढून प्रयोगशाळेत मोजता येतो. ऐकायला फार शास्त्रीय. आता गंमत बघा. अमेरिकेतल्या स्टर्नर यांचं सूत्र: पोटॅशियम गुणिले ७.१४, वजा ३९.१. जर्मनीतल्या माडेआ यांचं: पोटॅशियम गुणिले ५.२६, वजा ३०.९. पोटॅशियम लिटरला ८ मिलिमोल आलं, तर पहिल्या सूत्राने १८ तास, दुसऱ्याने ११. एकच डोळा, एकच नमुना. शिवाय गरम हवेत पोटॅशियम अधिक वेगाने वाढतं, आणि ही सूत्रं थंड देशांतल्या देहांवर बांधलेली आहेत. म्हणून हा आकडा मी बाकी खुणांच्या जोडीला घेतो, एकट्याने नाही.

दीड-दोन दिवसांनंतर सूत्रं संपतात आणि कुजण्याच्या खुणांवर भिस्त येते. पहिली खूण पोटावर उजवीकडे खालच्या बाजूला हिरवट छटा. तिथे मोठ्या आतड्याची सुरुवात पोटाच्या भिंतीला लागून असते, जंतू भरपूर, त्यांनी बनवलेला हायड्रोजन सल्फाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनशी जोडला जातो आणि हिरवा रंग येतो. आपल्या उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत, थंडीत एक-दोन दिवसांनी. मग त्वचेखालच्या शिरा हिरवट-तपकिरी जाळ्यासारख्या उमटतात, साधारण दीड-दोन दिवसांत ठळक होतात. पोट, चेहरा, वृषण फुगतात, जीभ बाहेर येते, त्वचेवर फोड येऊन ती सुटते, केस हाताला येतात. चेहरा इतका फुगतो की सख्खा भाऊसुद्धा ओळखत नाही. त्या वेळी नातेवाइकांना ‘रक्त ओकलंय, मारलंय’ असं वाटतं, पण नाकातोंडातून येणारा तो लालसर द्रव गॅसच्या दाबाने ढकललेला असतो. हे समजावून सांगायला पीएमपेक्षा जास्त वेळ जातो.

हवेत एक आठवडा म्हणजे पाण्यात दोन आणि जमिनीखाली आठ, असं बर्लिनच्या कास्पर यांनी एकोणिसाव्या शतकात सांगितलं. प्रमाण म्हणून लक्षात ठेवायला बरं आहे, हिशेबाला नाही. विहिरीत पडलेला देह आधी बुडतो आणि आत गॅस झाला की वर येतो: उन्हाळ्यात चोवीस तासांच्या आतबाहेर, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी. पाण्यातून बाहेर काढल्यावर मात्र तो झपाट्याने बिघडतो. रात्री काढलेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर आलेला देह बघून पाण्यातले दिवस मोजले तर जास्तच भरतात.

या टप्प्यावर चूक किती मोठी होऊ शकते हे अमेरिकेतले न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी स्वतः आयुष्यभर सांगितलं. १९७७ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या एका उकरलेल्या थडग्याजवळचा देह त्यांनी पाहिला, त्याला अजून गुलाबी मांस होतं, आणि मृत्यू वर्षभराच्या आतला असावा असा अंदाज दिला. तो निघाला १८६४ मध्ये यादवी युद्धात पडलेला कर्नल शाय. औषध भरून लोखंडी पेटीत पुरलेला. अंदाज ११३ वर्षांनी चुकला. त्यातूनच १९८१ मध्ये नॉक्सव्हिलला, दान केलेले देह उघड्यावर ठेवून कुजण्याचा अभ्यास करणारं केंद्र उभं राहिलं. आपल्या हवामानासाठी, पावसाळ्याच्या कोकणासाठी आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी, तसं काही हवं असं मला फार वाटतं. परदेशी तक्ते आपण किती दिवस वापरणार?

कुजलेल्या देहात सर्वांत भरवशाचे माझ्या मते कीटक. दिवसा उघड्यावरच्या देहावर निळ्या-हिरव्या चमकदार माश्या फार लवकर येतात. डोळे, नाक, तोंड, जखमा इथे अंडी घालतात. उबदार हवेत अंडी दिवसभराच्या आत फुटतात, अळी चार-पाच दिवस खाते, मग जमिनीत शिरून कोष करते, आणि आणखी चार-पाच दिवसांनी माशी बाहेर पडते. रिकामे कोष सापडले तर एक पूर्ण पिढी झाली, म्हणजे निदान आठवडा-दीड आठवडा गेला. आपल्याकडच्या एका जातीची अळी अंगावर काटेरी केसांसारखे उंचवटे असलेली असते आणि ती दुसऱ्या अळ्या खाते. ती दिसली की आधीच्या वाढीचा पुरावा नाहीसा झालेला असू शकतो. अळ्यांवरून निघतो तो किमान काळ, कारण अंडी कधी घातली हेच त्या सांगतात. माश्या सहसा रात्री अंडी घालत नाहीत, बंद खोलीत उशिरा पोहोचतात, आणि कीटकनाशक पिऊन झालेल्या मृत्यूत, जे आपल्या ग्रामीण भागात कमी नाहीत, त्यांना आणखी उशीर होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या जखमेत अळ्या जिवंतपणीच पडलेल्या असतात. त्या मोजून मृत्यू चार दिवस मागे नेऊ नये. अळ्यांतली निम्मी गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायची, निम्मी जिवंत वाढवायची, म्हणजे जात ओळखता येते. प्रत्यक्षात शवागारात पाण्याच्या नळीने पहिल्यांदा धुऊन टाकतात त्या अळ्याच.

कोर्टात काय होतं तेही थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून अकस्मात मृत्यूचा पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो (पूर्वीचं १७४), आणि आमची साक्ष भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचं मत म्हणून घेतली जाते. मत, पुरावा नव्हे असं बचाव पक्ष बजावतो आणि ते बरोबरच आहे. सरतपासणीत सरकारी वकील विचारतात, ‘मृत्यू रात्री अकराला झालेला असू शकतो?’ मी म्हणतो, हो. उलटतपासणीत विचारतात, ‘पहाटे तीनला?’ मी म्हणतो, हो. दोन्ही उत्तरं खरी असतात. आरोपीसोबत शेवटचं पाहिलं ते नऊला आणि मृत्यू फार तर तीनपर्यंत, तर मधल्या सहा तासांत दुसरं कुणी येऊ शकलं असतं का, याचा निवाडा न्यायाधीशांनी करायचा. तो डॉक्टरने आपल्या अंदाजाचे तास कमी करून करून द्यायचा नसतो.

तुमच्यावर किंवा कुणावर अशी वेळ आलीच तर काही व्यवहाराच्या गोष्टी. संशयास्पद काही दिसत असेल तर देह हलवू नका. हलवावाच लागला तर आधी फोनवर फोटो काढा, चहूबाजूंनी. पंखा, एसी, कूलर चालू होता का, खिडकी उघडी होती का, अंगावर पांघरूण होतं का, हे लिहून ठेवा आणि पंचनाम्यात घ्यायला सांगा. दाराबाहेरची दुधाची पिशवी, न उचललेलं वर्तमानपत्र, जेवणाचं ताट, विहिरीवरची मोटार कधी बंद झाली, मोबाइलवरचा शेवटचा वाचलेला मेसेज. शरीराने दिलेला सहा तासांचा काळ दीड तासावर येतो तो अशाच गोष्टींनी. आधीचा ताप, आजार, औषधं डॉक्टरला सांगा. तोंडात पाणी घातलं असेल, हात सरळ केले असतील तर तेही न लाजता सांगा.

आणि देह शीतगृहात ठेवला असेल तर ठेवल्याची आणि काढल्याची वेळ शवागाराच्या रजिस्टरमध्ये बघा. चार अंशांत रिगर कितीतरी वेळ तसंच राहतं आणि कुजणं जवळपास थांबतं, त्यामुळे फ्रीजमधले तास वेगळे धरावे लागतात. रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख नसेल तर तपास अधिकाऱ्यांना अर्ज द्या. ते पीएम करणाऱ्या डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवू शकतात आणि डॉक्टर त्याचा लेखी अभिप्राय देतात. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र शवागाराच्या दारातच राहतं.